तांड्याच्या विहिरीचा पहिला लोटा

आमच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी आरतीनंतर चार माणसं बसतात आणि कुणीतरी आपला अनुभव सांगतं. कुणाचं हरवलेलं जनावर सापडलेलं असतं, कुणाच्या लेकीचं दुखणं उतरलेलं असतं. गेली कित्येक वर्षं मी त्या बैठकीत नुसता ऐकणारा आहे. माझ्याकडे नजर वळली की मी पाणी पिण्याच्या निमित्ताने उठतो. लोकांना वाटतं, हा सरकारी नोकरीतला कोरडा माणूस, याला कुठला अनुभव येणार! मला अनुभव आलेला आहे. पण तो सांगायचा तर आधी माझा अपराध सांगावा लागतो आणि तिथेच जीभ अडते. जी कृपा माझ्यापर्यंत पोचण्याआधी दुसऱ्याच्या घरची तरणी सून गेली, तिला कृपा म्हणावं की नाही, हेच मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. आजही पुरतं कळलं आहे असं म्हणवत नाही.

माझ्या ट्रंकेत पोथीखाली एक सरकारी कागद घडी करून ठेवला आहे. पटकीच्या साथीत पथक उत्तम सांभाळलं, असा माझ्या नावाचा शेरा त्यावर आहे. घरच्यांनी तो काचेत बसवून भिंतीवर लावायचं म्हटलं होतं, मी लावू दिला नाही. त्या कागदावर जे लिहिलेलं नाही, ते आता लिहितो.

मी आरोग्य खात्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर होतो. विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याला दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या साथ-पथकाचे जुने साहेब त्या वर्षी निवृत्त झाले आणि पथक माझ्याकडे आलं. पथक म्हणजे एक जीप, तिचा ड्रायव्हर, औषधांच्या पेट्या, सलाईनच्या मोजक्या बाटल्या आणि कंपाउंडर शेख चाचा. चाचा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. शीर सापडत नसलेल्या रोग्याच्या हातात सुई घालण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. जुन्या साहेबांबरोबर त्यांनी सगळा जिल्हा पालथा घातला होता.

जुन्या साहेबांची एक पद्धत होती. विहिरीत जंतू मारणारी लाल दवा टाकली की दुसऱ्या दिवशी पाण्याला गुलाबी झाक राहते आणि लोक ते प्यायला धजत नाहीत. म्हणून सकाळी सगळं गाव गोळा करायचं, गावच्याच बाईला पाणी शेंदायला सांगायचं आणि तिच्या हातून पहिला लोटा साहेबांनी सर्वांसमोर प्यायचा. पुरता, शेवटच्या घोटापर्यंत. मग तिथेच विहिरीजवळ खाट टाकून बसायचं, दिवसभर. आजाऱ्याच्या माणसाला साहेबाला शोधत फिरावं लागू नये म्हणून. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं होतो. नकाशे, नोंदी, डोसाची मापं, सगळं मन लावून शिकलो. लोट्याकडे मात्र मी एका म्हाताऱ्या माणसाची लकब म्हणून पाहिलं.

बोरी अरबच्या पलीकडे चार-पाच कोसांवर एका लमाण तांड्यात हैजा, म्हणजे पटकी, पडल्याचा निरोप वैशाखात आला. माझी प्रमुख म्हणून पहिलीच साथ. मनातून मी घाबरलो होतो. दत्तावर माझी लहानपणापासून श्रद्धा. देवासमोर बसून मी संकल्प सोडला की, साथ चालू आहे तोवर पोथीचं सात दिवसांचं पारायण करीन, तू माझ्या हाताला यश दे. सात दिवस एकभुक्त राहायचं, परक्या हातचं अन्न नाही, परक्या हातचं पाणी नाही. पोथी, मोरपिसाची खूण आणि माहूरहून आणलेला दत्ताचा टाक मी सामानात घेतला. मी लोकांसाठीच हे सगळं करतोय, अशीच माझी समजूत होती. खरं म्हणजे मला अपयश येऊ नये एवढंच मी मागत होतो.

तांड्यात पोचलो तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. पळसाची पानं सुद्धा मलूल झाली होती. तांड्याची एकच विहीर होती, तळाला गेलेली. तिच्यात लाल दवा सोडली, दवंडी दिली की आजपासून नाल्याचं पाणी बंद, उद्या सकाळपासून सगळ्यांनी विहिरीचंच प्यायचं. नाल्याच्या कोरड्या वाळूत हातभर खड्डा केला की त्यात पाणी झिरपतं, त्याला झिरा म्हणतात. तांडा त्या झिऱ्यावर जगत होता. वरच्या अंगाला आजाऱ्यांची लुगडी धुतली जात होती.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी झिऱ्यावर आंघोळ केली, टाकाला घालायला तांब्या भरला आणि तंबूत पारायणाला बसलो. विहिरीचं पाणी लाल होतं, शिवाय साऱ्या तांड्याच्या घागरी आता तिच्यात बुडणार होत्या. ते मला देवाला नको वाटलं. झिऱ्याचं पाणी मी आपल्या हाताने घेतलेलं. मी खात्यातला माणूस, तेवढी अक्कल होती. तंबूचा पडदा सोडून मी ते स्टोव्हवर चांगलं उकळून घेत असे, त्यातलंच गार करून पीत असे. दोन तास वाचन झालं. तेवढा वेळ चाचा एकटेच रोगी पाहत होते.

मग विहिरीवर गेलो. सगळा तांडा जमला होता. पुढे थावरा नायक, तांड्याचा प्रमुख. पांढऱ्या मिशा, लाल पागोटं. त्याच्या बाजूला एक म्हातारी होती, तिला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे आई. तिची सून जमनी पाणी शेंदत होती. विशी-बाविशीची असेल. आरशांची कांचळी, दंडापर्यंत बांगड्या. तिने घागर वर घेतली तशी माणसं पुढे वाकली.

"होयी होऊन गेली साहेब," मागून कुणी बोललं, "आता रंग कायले कालवला?"

सगळे हसले. याडी हसली नाही. "रगतावानी दिसते," ती म्हणाली. "मरिआमाले असं पाणी लागते. माणसाले नाई."

मी औषधाचं सांगितलं. जंतू सांगितले. मी चांगलं बोललो, अजून आठवतं. थावरा नायकाने सगळं ऐकून घेतलं आणि मग हात जोडून म्हणाला, "साहेब, माह्या आज्याच्या वक्ती आमची लदेणी चाले. बैलाईवर मीठ लादून मुलूखभर फिरत लोक. नव्या तळ्यावर उतरले का आधी नायक पाणी पिये. मंग माणसं, मंग बैल. हे पाणी आता तुमच्या दव्याचं झालं. याचे नायक तुमी."

जमनीने पितळी लोटा भरून माझ्यासमोर धरला. पदर पुढे ओढलेला, हात मात्र सरळ.

माझ्या मागे चाचा हळूच म्हणाले, "साब, पहिला लोटा. बडे साब रहते तो..."

ते शब्द मला झोंबले. सगळे जुन्या साहेबांच्या मापाने मला मोजताहेत असं वाटलं. मी म्हणालो, "माझं पारायण चालू आहे. सात दिवस मी कुणाच्या हातचं पाणी घेत नाही. चाचा, तुम्ही प्या."

चाचांनी लोटा घेतला, पिऊन टाकला, दाढी पुसली.

"चाचाले काय!" एक जवान पोरगा ओरडला. "साहेब म्हनन तं चाचा घासलेट बी पिईन!"

पुन्हा हशा. त्या हशात याडी माझ्याजवळ आली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तुह्या देवाले आमचं पाणी चालत नाई," ती म्हणाली, "मंग आमच्या लेकराईले काहून पाजून राह्यला?"

मी आवाज चढवला. सरकारी हुकूम आहे, मोडला तर पोलीस येतील, असं काहीतरी बोललो. जमनीने लोटा पुन्हा भरून पुढे धरला होता. मी वळलो तेव्हा तिने ते पाणी विहिरीच्या कठड्याखाली हळूच ओतलं, रोपट्याच्या बुडाशी ओतावं तसं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे तीन दिवस मी फार काम केलं. लस टोचली, नोंदी केल्या, लुगडी जाळली, झोपड्यांतून चुना फिरवला. तरी माणसं पडतच होती. पहिल्या दिवसापेक्षा तिसऱ्या दिवशी जास्त. मी नायकाला सर्वांदेखत बोललो की, तुझे लोक ऐकत नाहीत. चाचा एकदा तंबूच्या दाराशी आले होते. "साब, एक बात थी," म्हणाले. मी वाचत होतो, हाताने थांबवलं. वाचन संपेपर्यंत त्यांना कुणी रोग्याकडे बोलावून नेलं आणि ती बात राहून गेली.

रोज पहाटे मी झिऱ्यावर जाई तेव्हा काठावर दोन-तीन बायका घागरी घेऊन थांबलेल्या असत. जमनीही असे. मी आंघोळ करून तांब्या भरून निघेपर्यंत त्या पाठ करून दूर उभ्या राहत. मला वाटे, भांडी घासायला आल्या असतील, माझ्या सोवळ्याचा मान राखताहेत. मला ते आवडत असे. हे लिहायला नको वाटतं, पण खरं आहे. मला ते आवडत असे.

पाचव्या दिवशी वाचन आटोपून मोरपीस सहाव्या दिवसाच्या अध्यायाला लावलं आणि बाहेर आलो, तर चाचा याडीच्या झोपडीतून हाक मारत होते. जमनी खाटेवर होती. आदल्या पहाटे झिऱ्याच्या काठावर उभी असलेली बाई ओळखू येऊ नये इतकी बदलली होती. डोळे आत गेलेले, बोटांची कातडी धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, आवाज बसलेला. चाचा तिच्या दंडावरच्या बांगड्या वर सारून शीर शोधत होते. मी तिची नाडी बघण्याआधी याडीवर डाफरलो.

"कुठलं पाणी प्यालात तुम्ही? विहीर दिली होती ना?"

याडीने सुनेच्या कपाळावरचा हात काढला नाही. "तू भरतं तिथलंच," ती म्हणाली.

मला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं.

"झिऱ्याचं. तू रोज तुह्या देवाले नेतं ते. छोरी म्हने, साहेब येवढा शिकेल हाय, तो आपल्या देवाले खराब पाणी नेईन का? हेच चांगलं असन. तू भरून गेला का मंग ते भरे. तिचं पाहून साऱ्या बायाईनं भरलं."

चाचा शीर शोधत राहिले. तंबूच्या दाराशी त्यांना सांगायची होती ती हीच बात.

मला त्या क्षणी काय वाटलं, ते मी अनेकदा लिहायला बसलो आणि खोडलं. एवढंच सांगतो की माझ्या तोंडून "पण मी ते उकळत होतो" असे शब्द आले. कुणी ऐकले नाहीत. ऐकण्यासारखे नव्हतेच. मी जे बोललो ते त्यांच्यापैकी कुणी पाळलं नव्हतं. मी जे केलं ते त्यांनी न सांगता पाळलं होतं.

शेवटची सलाईनची बाटली जमनीला लावली. तेवढ्याने भागणार नव्हतं. दारव्ह्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. जीपमध्ये गादी टाकून तिला निजवलं, याडी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली, बाटली मी धरली. चाचांना बाकीच्या रोग्यांसाठी थांबणं भाग होतं. दुपारच्या उन्हात ड्रायव्हर जितकी सांभाळून नेता येईल तितकी गाडी नेत होता. अडाण नदीच्या कोरड्या पात्रात चाकं वाळूत रुतायला लागली, तसा वेग आणखी कमी झाला.

तिथे जमनीने बोटाने पाणी मागितलं. याडीजवळचं पाणी संपलं होतं. मी माझा तांब्या उघडून तिच्या ओठाला लावला. हे पाणी उकळलेलं होतं, देवाचं होतं, सात दिवस कुणाला शिवू द्यायचं नव्हतं. तिने दोन घोट घेतले. मग तिची नजर तांब्याच्या काठाकडे गेली, तिथून माझ्याकडे आली आणि तिने हाताने तो तांब्या मागे सारला. ओठ हलले. याडीने कान लावला.

"काय म्हणते?" मी विचारलं.

याडी म्हणाली, "म्हंते, तुमचं बाटन."

मी तांब्या पुन्हा पुढे नेला. "बाटू दे. पी. पी बाई." पण तिने तोंड मिटून घेतलं होतं. पलीकडच्या काठावर गाडी चढली तेव्हा माझ्या हातातल्या बाटलीचे थेंब चालू होते आणि तिचा श्वास थांबला होता. याडीने माझ्याआधी ओळखलं. तिने सुनेचा पदर नीट केला आणि ड्रायव्हरला म्हणाली, "फिरव बापा गाडी. घरी चाल."

मातीहून सगळे परत आले तेव्हा दिवस मावळत होता. मी तंबूत गेलो. देवासमोर दिवा लावला नाही. दत्ताच्या टाकाकडे पाहून एवढंच म्हणालो की, माझ्यापाशी आता तुला मागण्यासारखं काही उरलं नाही. आतापर्यंत कधीच मी काही न मागता त्याच्यासमोर बसलो नव्हतो.

सहाव्या दिवशी सकाळी पोथी उघडली नाही. झिऱ्यावर गेलो नाही. चाचांना म्हणालो, "विहिरीवर चला." ते म्हणाले, "आप जाइए साब. मैं मरीजों के पास हूँ." त्यांच्या बोलण्यात टोचणी नव्हती, फक्त एक माणूस तरी रोग्यांजवळ हवा होता.

विहिरीवर जाऊन पाहतो तो दोर नाही, पोहरा नाही. लाल पाणी नकोच म्हणून तांड्याने ते काढून नेले होते. मी तिथे नुसताच उभा राहिलो. ऊन वर येत होतं. झोपड्यांच्या दारांतून माणसं पाहत होती. थावरा नायक आपल्या खाटेवर बसून होता. कुणी जवळ आलं नाही, कुणी हाकही मारली नाही. हाक मारून दोर मागावा असं मला वाटलं आणि त्याच वेळी कळलं की, मागायचा हक्क मी पाच दिवसांपूर्वी याच कठड्यावर घालवून बसलो आहे. हुकूम सोडता आला असता. जीपचा दोर आणता आला असता. पण मी स्वतः काढून प्यालेल्या पाण्याचा त्यांना काय उपयोग होता? त्यांच्यापैकी कुणीतरी हाताने देईल तेव्हाच ते पाणी त्यांचं होणार होतं, आणि ते देणं माझ्या हातात नव्हतं. मी डोळे मिटले. ओठांवर कुठलाही मंत्र आला नाही. मी खाली बसलो, कठड्याला टेकून, आणि वाट पाहायला लागलो. कशाची, ते मला माहीत नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. पायातल्या वाळ्यांचा आवाज आला. डोळे उघडले तर याडी. खांद्यावर अंबाडीचा दोर, कमरेवर जमनीची घागर, हातात तोच पितळी लोटा. ती माझ्याकडे न पाहता दोराला गाठ मारू लागली. गाठ सुटत होती. मी उठून घागर धरली. ती नको म्हणाली नाही. दोघांनी मिळून पाणी शेंदलं.

तिने लोटा भरला आणि माझ्यासमोर धरला. तिच्या डोळ्यांभोवती सूज होती.

"बाटन तुहं," ती म्हणाली.

"बाटू दे, याडी."

मी लोटा घेतला आणि प्यालो. पाण्याला लोखंडासारखी चव होती. शेवटचा घोट घेईपर्यंत तोंडाचा लोटा काढला नाही. मग तिने स्वतः भरून घेतला, प्याली, आणि झोपड्यांकडे वळून जोरात ओरडली, "पाहून काय राह्यले? तमाशा हाय का? आना घागरी!"

सगळ्यांत आधी थावरा नायक उठला. त्याच्या मागे तो घासलेटवाला पोरगा आला. त्याने मान खाली घालून लोटा पुढे केला. दुपारपर्यंत विहिरीवर रांग होती. मी तिथेच खाट टाकून बसलो, जुने साहेब बसायचे तसा. पुढच्या तीन दिवसांत नवीन माणूस पडला नाही. औषधामुळे म्हणा, साथ ओसरायची वेळ आली होती म्हणून म्हणा, मी त्यावर कुणाशी वाद घालणार नाही. मला एवढं ठाऊक आहे की त्या सकाळी मी कुणालाही बोलावलं नव्हतं, आणि मला शिव्याशाप द्यायचा जिला सर्वांत जास्त अधिकार होता, ती पाणी घेऊन आली.

शेरा त्यानंतर आला. जुन्या साहेबांच्या घरी जाऊन मी तो कागद त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. त्यांनी कागद वाचला, घडी केली, परत दिला. म्हणाले, "माझ्याही पहिल्या साथीत एक घर बुडालं होतं. लोटा मी त्यानंतर प्यायला लागलो." मला ते आधी का नाही सांगितलं, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. त्यांना सहा वर्षं रोज ते करताना मी पाहतच होतो.

पुढे पथकं वाढली, माणसं वाढली, नव्या लोकांना तयार करायचं काम माझ्याकडे आलं. प्रमुखाने काय काय करावं याची छापील यादी असते, ती मी त्यांना देतो. मग त्यांना एखाद्या गावच्या विहिरीवर घेऊन जातो. पहिला लोटा मी पितो, दुसरा त्यांना पाजतो आणि हाताखालच्या माणसाला कधी अर्ध्या वाक्यात थांबवू नका, एवढं सांगतो.

मधल्या काळात महाराष्ट्र राज्य झालं. मी त्या तांड्यात बरेच दिवस गेलो नव्हतो; कामाची निमित्तं सांगत राहिलो. शेवटी एका हिवाळ्यात पोथी आणि टाक बरोबर घेऊन गेलो. थावरा नायक वारला होता. याडी लिंबाखाली उन्हाला बसली होती, डोळ्यांनी अधू झालेली. मी नाव सांगितलं. ती म्हणाली, "लोटेवाला साहेब का? बस." आणि नातसुनेला हाक मारून पाणी मागवलं.

मी प्यालो. मग इतकी वर्षं मनात होतं ते विचारलं, "याडी, त्या दिवशी तू कशी काय आलीस?"

"घरी बसवेना," ती म्हणाली. "दारात तिची घागर रिकामी दिसे. घागर भरायची होती. आली." मग माझ्या मांडीवरच्या पोथीला हात लावून तिने विचारलं, "हे तेच काय? वाचून झालं का?"

मी सांगितलं की पाच दिवसांचं झालं, दोन दिवसांचं राहिलं. खूण अजून तिथेच आहे.

"मंग वाच न."

"तुला त्यातलं समजणार नाही, याडी."

"तुले तरी कुठी समजलं होतं!" ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. "वाच. मी बसते."

मोरपीस काढून बाजूला ठेवलं आणि वाचायला लागलो. मध्ये पाण्याचा लोटा होता. ती प्यायची, मी प्यायचो, सोवळं-ओवळं काही उरलं नव्हतं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी मिळून राहिलेले अध्याय पुरे झाले. मधून मधून तिला डुलकी लागे. वाटे, ऐकत नसेल. पण शेवटची ओवी वाचून मी पोथी मिटली तशी तिने डोळे उघडले.

"झालं?"

"झालं."

"याच्यात जमनीचं नाव हाय का?"

"नाही, याडी."

"मंग घाल," ती म्हणाली.

पोथीत नाव घालण्याचा अधिकार मला नाही. म्हणून हे लिहिलं आहे. येत्या गुरुवारी आरतीनंतर माझी पाळी आली की मी उठणार नाही. हेच वाचीन, आणि सुरुवात तिच्या नावापासून करीन.